सहा रात्रींचं केनिया पॅकेज: मसाई मारात प्रत्यक्ष किती तास मिळतात?

बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या ट्रॅव्हल एजंटांकडे केनियाचं जे पॅकेज सर्रास मिळतं, त्याचा साचा जवळपास ठरलेला आहे. सहा रात्री, सात दिवस. नैरोबीत एक मुक्काम, अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात एक, नैवाशा किंवा नाकुरू सरोवराकाठी एक, मसाई मारा अभयारण्यात दोन आणि परतताना पुन्हा नैरोबीत एक. माहितीपत्रकाच्या एका पानावर हत्ती, किलिमांजारो, फ्लेमिंगो, सिंह आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी आफ्रिकेतली मोठी हरणं) सगळे हजर असतात. आहे तसं घेतलं तर या पॅकेजला पाचपैकी अडीच. अंबोसेली काढून ती रात्र मारात घातली, तर चार.

कारण रस्ता. नैरोबी ते अंबोसेली चार-साडेचार तास. अंबोसेलीहून नैवाशा म्हणजे साधारण बेळगाव ते पुणे एवढा पल्ला, तोही मालट्रकांच्या गर्दीतून. सहा-सात तास गृहीत धरा. तिथून मारा पाच तास आणि मारातून नैरोबी पाच-सहा तास. सात दिवसांतले वीस-बावीस तास गाडीत बसून जातात. जनावर दिसतं ते सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. पॅकेजच्या वेळापत्रकात नेमक्या याच वेळा सामान बांधण्यात आणि प्रवासात खर्ची पडतात. अंबोसेली वाईट आहे असं अजिबात नाही. हत्तींच्या मागे 5,895 मीटरचा किलिमांजारो दिसणं हे फार मोठं भाग्य. पण तो डोंगर बहुतेक दिवस ढगात असतो आणि उघडलाच तर पहाटे किंवा संध्याकाळी. एका रात्रीत एकच पहाट मिळते. जायचंच असेल तर दोन रात्री द्या, नाहीतर सोडा.

आता खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे माराच्या प्रवेश शुल्काकडे. जानेवारी 2024 पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर पडतात. 9 ते 17 वयाच्या मुलांना 50. तिकीट बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. त्यामुळे दुपारी तीनला पोहोचून संध्याकाळची फेरी मारली, तरी पूर्ण दिवसाचं तिकीट लागतं. स्वस्त पॅकेजमध्ये कॅम्प माराच्या सेकेनानी गेटच्या बाहेर असतो, पोहोचल्या दिवशी ‘आराम’ लिहिलेला असतो, मधल्या दिवशी फेरी आणि तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. दोन रात्री मारात, पण तिकीट एकच! कोटेशनवर मात्र ‘प्रवेश शुल्क समाविष्ट’ एवढंच छापलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. म्हणून एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा: माणशी माराची किती तिकिटं धरली आहेत? दोघं मोठे आणि दहा-पंधरा वयाची दोन मुलं असतील, तर जुलै-डिसेंबरमध्ये एका दिवसाचे 500 डॉलर होतात. दोन एजंटांच्या दरात चाळीस-पन्नास हजारांचा फरक दिसतो, तो बऱ्याचदा इथूनच येतो.

गेटच्या आतला कॅम्प महाग, पण सहा वाजता गाडी सुरू झाली की लगेच फेरी सुरू. शेवटच्या दिवशी मात्र आत राहणाऱ्यांनी सकाळी दहापर्यंत बाहेर पडायचं असतं, नाहीतर आणखी एक तिकीट. तिसरा पर्याय कन्झर्व्हन्सीचा. मारा नॉर्थ, नाबोईशो, ओलारे मोटोरोगी ही मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली राखीव क्षेत्रं आहेत. तिथे गाड्या मोजक्या, रात्रीची फेरी चालते आणि वाट सोडून गाडी नेता येते. मुख्य अभयारण्यात या दोन्हींना बंदी आहे. बेळगावातल्या ठरावीक पॅकेजमध्ये कन्झर्व्हन्सी सहसा नसते. विचारल्याशिवाय कोणी सुचवतही नाही.

गाडीच्या बाबतीत तडजोड नको. कोटेशनवर ‘सफारी व्हॅन’ असेल तर ती उघडणाऱ्या छताची टोयोटा हायएस. लँड क्रूझर हवी असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. माराची जमीन आपल्या बैलहोंगल-गोकाककडच्या शेतांसारखीच काळी. एक जोरदार सर आली की चाकाला चिखल लपेटतो आणि व्हॅन जागच्या जागी फिरत राहते. फोर बाय फोर लँड क्रूझर त्यातून निघते. सात आसनांच्या गाडीत सहाच प्रवासी, प्रत्येकाला खिडकी, ही अट घाला. दांडेलीच्या जंगल सफारीत जीप दोन-तीन तासांची असते, तेवढ्यापुरतं दाटीवाटीनं बसणं चालून जातं. इथे सलग दहा तास बसायचं आहे. फोटो काढणाऱ्यांनी घरून एक रिकामी कापडी पिशवी न्यावी, नैरोबीत दोन-तीन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाकावं. छताच्या कडेवर ठेवली की मोठी लेन्स तिच्यात घट्ट बसते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर ती थरथर फोटोत उतरते.

नदी ओलांडण्याचं दृश्य दाखवूच, असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून काही घेऊ नका. लाखो विल्डबीस्ट शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येतात आणि ढोबळमानाने जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. पण कळप काठावर येऊन तासन्‌तास थांबतो आणि मागे फिरतो, हेही रोजचंच. सेकेनानीपासून मारा नदीपर्यंत जायलाच तास-दीड तास लागतो, त्यामुळे एकाच दिवसाच्या तिकिटावर तिथे थांबायला वेळ उरत नाही. स्थलांतराचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम: शुल्क निम्मं, गवत आखूड, सिंह-चित्ते तेवढेच. एप्रिल-मेची उन्हाळी सुट्टी शाळेच्या हिशोबाने सोयीची असली तरी तिकडे तो मोठ्या पावसाचा काळ.

कागदपत्रांत एजंट सर्वांत कमी बोलतात ते यलो फीवरच्या लसीवर. केनियातून परतताना भारतीय विमानतळावर ही लस घेतल्याचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आपल्या नेहमीच्या दवाखान्यात नाही. मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्यासारख्या ठिकाणी जावं लागतं, वेळ आधी घेऊन. टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून ताडून पाहा. साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांनी बुकिंगच्या आधी डॉक्टरांना विचारावं, ॲडव्हान्स भरल्यावर नव्हे. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

व्हिसा आता नाही, त्याऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी. लहान मुलांचाही वेगळा काढावा लागतो. शुल्क 30 डॉलर आणि वर थोडा प्रक्रिया खर्च. आपल्या भागातल्या काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो किंवा नावापुढे नुसती इनिशियल असते. अर्ज, विमानाचं तिकीट आणि लसीचं कार्ड, तिन्हींवर नाव पासपोर्टाप्रमाणे अक्षरशः सारखं हवं.

सामानात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नकोत. केनियात ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे आणि 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा, चकली, कुंदा डब्यात भरा. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छतातून वारा बोचतो, स्वेटर आणि कानटोपी लागतेच. प्लग तीन चौकोनी पिनांचा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारा गाठणार असाल तर हँडबॅग धरून 15 किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. ही विमानफेरी तासाभराची. ज्येष्ठ मंडळींसाठी हा खर्च मारावरून उडणाऱ्या हॉट एअर बलूनच्या फेरीपेक्षा जास्त सार्थकी लागतो.

पॅकेजच्या किमतीवर जीएसटी आणि टीसीएस (एजंट आगाऊ वसूल करतो तो आयकर) वेगळे लागतात का, ते पहिल्याच दिवशी विचारा. टीसीएस खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात तो वळता होतो. त्यासाठी पैसे भरणाऱ्याचाच पॅन द्यायला हवा. ड्रायव्हर-गाईडची टीप पॅकेजमध्ये नसते, माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास धरा. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या घ्या. जुन्या नोटा तिकडे परत करतात.

सहा जणांचा गट असेल तर एक लँड क्रूझर भरते, आणि मग वेळापत्रक बदलून द्यायला एजंट सहसा नाही म्हणत नाही. नैवाशाला एक रात्र, मारात तीन, माराची माणशी तीन तिकिटं, हे कोटेशनवर आल्यावरच ॲडव्हान्स द्या.