पंप घ्यावा की इंजेक्शनंच बरी?

मावसबहिणीच्या लेकीला टाईप 1 मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं. इन्सुलिन पंपाबद्दल (अंगाला लावून नळीने सतत इन्सुलिन देणारं यंत्र) ऐकल्यापासून घरात हाच विषय.

खर्चात तुलनाच नाही. पंप लाखांच्या घरात, शिवाय दर 2-3 दिवसांनी बदलायचा इन्फ्युजन सेट (नळी आणि सुई). इन्सुलिन टोचायचं पेन आणि सुया त्यामानाने स्वस्त. कुपी-सिरिंज आणखी स्वस्त, फक्त आपल्याकडे कुपी बहुधा दर मिलीलीटरला 40 युनिटची असते, म्हणून सिरिंजही 40चीच हवी. इथे गल्लत झाली की डोस चुकलाच.

टोचण्याचं म्हणाल तर दिवसाला चार-पाच इंजेक्शनं विरुद्ध दोन-तीन दिवसांत एक सुई. पंपात रात्रीचा डोस तासागणिक कमीजास्त करता येतो, अगदी बारीक मात्राही देता येते. लहान मुलांना हे फार उपयोगी.

पण पंपात फक्त जलद, काही तासच टिकणारं इन्सुलिन असतं. नळी तुंबली किंवा निघाली, तर काही तासांत कीटोन (इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात साचणारी घातक आम्लं) वाढतात. म्हणून पेन जवळ लागतंच! आणि खाण्यातले कर्बोदके मोजणं दोन्हीकडे सुटत नाही.

साखर पहाटे चढते, वारंवार घसरते, घरात यंत्र सांभाळणारं कुणी आहे आणि दरमहाचा खर्च झेपतो, तर डॉक्टरांशी पंपाचं बोला. साखर आटोक्यात असेल किंवा अंगाला यंत्र नको वाटत असेल, तर पेन. बहिणीला मी तूर्त पेनच सुचवलं.