तोड्याची बंदूक की गारेची?

दोन्ही ठासणीच्याच: नळीत दारू, वर गोळी, मग गजाने ठासायचं. फरक आहे तो बार पेटवण्यात. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजेच तोडा, सतत धुमसत असते; चाप ओढला की तिचं टोक रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर, टेकतं आणि कानातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या छिद्रातून, आग आत जाते. रचना साधी, गावचा लोहारही दुरुस्त करील. पण पावसात तोडा विझतो, रात्री त्याचा लाल ठिपका शत्रूला दिसतो, शिवाय शेजाऱ्याच्या दारूला ठिणगी लागू नये म्हणून शिपाई अंतर राखून उभे करावे लागतात.

गारेची बंदूक 17व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आकाराला आली. बंदुकीच्या घोड्यात धरलेली गार, म्हणजे गारगोटी, पोलादावर आपटून ठिणग्या पाडते. त्यामुळे रांगा दाट करता येतात. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. गार झिजली की बार फुकट जातो, हा दोष आहेच. तरी कवायती पलटणीसाठी मी हीच निवडेन. महादजी शिंद्यांनीही युरोपीय सेनानी द बॉयनच्या पलटणी उभ्या केल्या त्या याच वाटेने. हिंदुस्थानी तोड्याची बंदूक मात्र लांब नळीमुळे दूरवर मारा करी. गडाच्या जंग्यांतून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या छिद्रांतून, नेम धरायला ती मुळीच कमी नव्हती.