वीज, सीसीटीव्ही आणि दोन मीटर हिरवी वायर : एसपीडीचा वर्षभराचा अनुभव

लांज्याजवळ आमचं घर आहे. आई तिथे एकटी, मी ठाण्याला. कॅमेरे लावले ते चोरांसाठी कमी आणि आई सकाळी अंगणात आली का, हे बघण्यासाठी जास्त. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजारच्या माडावर वीज पडली. आमच्या घरावर नव्हे, तरीही डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), बेड्याजवळचा म्हणजे फाटकाजवळचा कॅमेरा आणि राउटर तिन्ही गेले. सर्व्हिस सेंटरवाल्याने बोर्डवरचा काळा डाग दाखवला आणि विजेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाला. कार्डावर बारीक अक्षरात तसं छापलेलंच होतं. दोन खेपा घातल्या, भांडलो, एक पैसा सुटला नाही. एकूण ९,४०० रुपये गेले.

म्हणून जूनमध्ये मेन बोर्डात टाइप-२ एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे वायरीतून आलेला विजेचा झटका अर्थकडे वळवणारं उपकरण) बसवला, २,८०० रुपयांचा. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याच्या केबलला डीव्हीआरच्या टोकाशी छोटे बीएनसी अरेस्टर, म्हणजे केबलमधून येणारा झटका अडवणारे जोड. वायरमनने सीसीटीव्हीसाठी परड्यात वेगळी अर्थिंगही केली.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात एका संध्याकाळी गडगडाट झाला आणि डीव्हीआरचा ॲडॅप्टर व बेड्याकडचा चॅनल गेला. एसपीडीची खिडकी (तो ठीक असेल तर हिरवी, निकामी झाला की लाल) मात्र हिरवीगार! त्या दिवशी हे लिहिलं असतं तर 'पैसे पाण्यात' एवढंच लिहिलं असतं.

मग रत्नागिरीहून एक जुने, अनुभवी वायरमन आले. त्यांनी बोर्ड उघडला आणि आधी बोट ठेवलं ते एसपीडीपासून अर्थकडे जाणाऱ्या हिरव्या वायरवर. दोन मीटर वायर, छान वेटोळं करून टाय मारून ठेवलेली. पुढेमागे लागेल म्हणून! एसपीडीवर १.५ केव्ही (दीड हजार व्होल्ट) लिहिलेलं असतं, म्हणजे झटक्यातलं जेवढं व्होल्टेज तो पुढे जाऊ देतो तेवढं; पण ते त्याच्या स्वतःच्या टोकांवरचं. विजेचा झटका मायक्रोसेकंदांत चढतो. सरळ वायरचासुद्धा झपाट्याने चढणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा (इंडक्टन्स) मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री धरला, तर मायक्रोसेकंदाला हजार अँपिअर चढताना मीटरमागे हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणजे दोन मीटरला दोन हजार व्होल्ट जास्तीचे, आणि वेटोळ्यामुळे त्याहूनही अधिक. ते सगळे डीव्हीआरच्या वाट्याला. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. त्यांनी अर्थची पट्टीच बोर्डात आणली आणि हिरवी वायर वीतभर केली. खर्च २०० रुपये. २,८०० रुपयांची वस्तू या २०० रुपयांवाचून चार महिने नुसती टांगलेली होती, याचा मला अजून राग येतो. एसपीडीच्या खोक्यातल्या कागदावर ही गोष्ट मोठ्या अक्षरात छापायला हवी.

वेगळ्या अर्थिंगबद्दलचंही माझं मत बदललं. घराच्या आणि सीसीटीव्हीच्या अर्थिंगचे दोन खड्डे एकमेकांना जोडलेले नसतील तर वीज जवळ पडल्यावर दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तो फरक डीव्हीआरमधून वाट काढतो. आता दोन्ही जाड तांब्याने जोडलेत. आमच्याकडे जांभा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो, कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. म्हणून एप्रिलपासून आई खड्ड्यात दर दोन दिवसांनी बादलीभर पाणी ओतते.

बेड्यापर्यंतची ४५ मीटर तांब्याची केबल काढूनच टाकली. एवढी लांब केबल म्हणजे झटका घरात आणणारी वाटच. तिथे आता सोलरवरचा सिमवाला कॅमेरा आहे. तो हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतो, पावसाळी मळभात बॅटरी उतरते. तेवढं सोसतो.

यंदाच्या मे महिन्यात तीन वेळा जोराचा गडगडाट झाला. काही गेलं नाही. तिसऱ्या वेळी एसपीडीची खिडकी लाल झाली, १,१०० रुपयांचं त्याच्या आतलं काडतूस (कार्ट्रिज) बदललं. खिडकी लाल झाली तरी घरातले दिवे चालूच राहतात, त्यामुळे संरक्षण संपलं हे कोणाला कळत नाही. साधा बझरसुद्धा दिलेला नाही.

वीज थेट घरावर पडली तर हा डबा पुरणार नाही. म्हणून मी ठाण्यातून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघतो आणि आईला फोन करतो. ती डीव्हीआरचा प्लग आणि केबली दोन्ही काढते. नुसतं बटण बंद करून भागत नाही, त्याने फक्त फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती बोर्डाकडे बघते आणि फोनवर सांगते, "हिरवा आहे रे."