मोंगोडीबीवर जेनेरिक रिपॉझिटरी लावायची का सरळ ड्रायव्हर वापरायचा?

सी शार्पमध्ये मोंगोडीबी हा डेटाबेस घेतलं की पहिल्याच आठवड्यात हा वाद होतो: सगळ्या कलेक्शनसाठी (मोंगोतली टेबलं) एकच सामाईक क्लास, म्हणजे जेनेरिक रिपॉझिटरी, का मोंगोची स्वतःची लायब्ररी, म्हणजे ड्रायव्हर, थेट. मी दोन्ही करून बघितलंय.

जेनेरिकचा फायदा खरा आहे. इन्सर्ट, डिलीट, गेटबायआयडी एकदाच लिहायचं, टेस्टमध्ये मॉक करायला (खऱ्या डेटाबेसऐवजी नकली उभा करायला) सोपं, नवीन माणूस लगेच कामाला लागतो. सेटिंग, शहरांच्या याद्या असल्या साध्या कलेक्शनला बिनधास्त वापरा.

दुखणं सुरू होतं अपडेटला. जेनेरिक अपडेट म्हणजे आतून बहुतेक वेळा रिप्लेसवन, म्हणजे अख्खं डॉक्युमेंट (मोंगोतलं एक रेकॉर्ड) वाचायचं, एक फील्ड बदलायचं आणि अख्खं परत लिहायचं. समजा एक ऑर्डर आहे, तिच्यातच आयटम, पत्ता, स्टेटस सगळं. गोडाऊनवाल्याने स्टेटस 'पाठवली' केलं, तेवढ्यात कस्टमर केअरच्या बाईंनी पत्ता बदलला, आणि दोघांच्याही स्क्रीनवर जुनीच ऑर्डर होती, तर जो नंतर सेव्ह करेल तो आधीच्याचा बदल पुसून टाकतो आणि एरर कुठेच येत नाही. आमचे तीन दिवस गेले हे सापडायला. ड्रायव्हरमधून डॉलर सेट ही अपडेट कमांड ($set) वापरलं तर तेवढंच फील्ड बदलतं, डॉलर पुशने अ‍ॅरेत नवा आयटम जातो, आणि एका डॉक्युमेंटवरचा असा बदल मोंगो अ‍ॅटॉमिकच करतं, म्हणजे अर्धवट राहत नाही. रिपॉझिटरीत व्हर्जन फील्ड (दर बदलाला वाढणारा नंबर, तो जुळला तरच सेव्ह) ठेवून सावरता येतं, पण मग रिट्रायही तुम्हीच लिहायचा.

दुसरं, फिल्टर. मेथडने एक्स्प्रेशन (ड्रायव्हरला वाचता येणारी अट) घेतलं तर ड्रायव्हर त्याची क्वेरी बनवतो, पण कुणी चुकून नुसतं फंक (Func, फक्त चालवता येणारं फंक्शन) लिहिलं तर कोड कंपाइल होतो, मॉकवरच्या टेस्ट पास होतात आणि प्रॉडक्शनला अख्खं कलेक्शन अ‍ॅपमध्ये ओढून तिथे फिल्टर होतं, इंडेक्स असून उपयोग शून्य. दोनशे रेकॉर्डवर हे कळतसुद्धा नाही.

'उद्या डेटाबेस बदलला तर?' हे कारण मला पटत नाही. आयटम ऑर्डरच्या पोटात ठेवले तेव्हाच डिझाइन मोंगोचं झालं, एसक्यूएलला गेलात तर टेबलं नव्याने मांडावीच लागणार, इंटरफेस तिथे वाचवत नाही.

म्हणून महत्त्वाच्या कलेक्शनला मी वेगळी रिपॉझिटरी लिहितो, मेथडची नावं कामाची, 'स्टेटस बदल', 'पत्ता बदल', 'महिन्याची विक्री', आणि आत सरळ ड्रायव्हर, अ‍ॅग्रिगेशनसकट (डेटाबेसमध्येच होणारी बेरीज-गटवारी). कोड जास्त होतो हे मान्य. जेनेरिकच ठेवणार असाल तर मोठ्या कलेक्शनवरच्या क्वेरीला एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) लावून बघाच, कोलस्कॅन, म्हणजे अख्खं कलेक्शन चाळणं, दिसलं तर इंडेक्स तपासा, आणि क्वेरीत फिल्टरच दिसला नाही तर फंक कुठे घुसलंय ते शोधा.