आईच्या कानाचं मशीन आणि ऑन्टॅरियोतलं नगरपालिकेचं नर्सिंग होम : 11 महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी आईचं डाव्या कानाचं मशीन उशीच्या अभ्र्यासकट धुलाईत गेलं. 11 महिन्यांत ही दुसरी वेळ. जोडी घेतली तेव्हा सरकारकडून एका मशीनमागे जास्तीत जास्त मिळतात ते 500 डॉलर मिळाले होते, बाकीचे आम्ही भरले. आई राहते त्या होमचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची कायमची देखभाल करणाऱ्या जागेचे, महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर देतो ते वेगळे. म्हणून आज लिहायला बसले.

इथे, कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात, राहणाऱ्यांना माहीतच आहे, मूळ दर सरकार ठरवतं, खाजगी होम घ्या नाहीतर नगरपालिकेचं. आम्ही नगरपालिकेचं मुद्दाम निवडलं, कारण तिथे शहराच्या करातले पैसेही घातले जातात. इमारत स्वच्छ आहे, जेवण ठीक, नर्स चोवीस तास असते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार मशीनची आहे. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. पलंगावर मोठ्या अक्षरांत कागद लावला, तरी आठवड्यातून दोन-तीनदा मशिनं उलटी घातलेली असायची, नाहीतर डबीतच राहायची. आईचं इंग्रजी स्मृतिभ्रंशात गेलं, मराठी तेवढं उरलंय. त्यात ऐकूही आलं नाही की अंगाला हात लावणारं प्रत्येक माणूस तिला परकं वाटतं आणि ती हात झटकते. नियमाने आठवड्याला किमान दोन अंघोळी व्हायला हव्यात. आईच्या देखभालीच्या वहीत पुन्हा पुन्हा एकच नोंद : ‘नकार दिला’.

पहिले तीन महिने मी तिथे काम करणाऱ्या मुलींनाच दोष दिला. ते माझं चुकलं. एका रविवारी सकाळी सातपासून तिथे बसून राहिले. विभागात 32 माणसं. चार पीएसडब्ल्यू (अंघोळ, कपडे, जेवण असं सगळं बघणाऱ्या मदतनीस) यायच्या, आल्या तीन, त्यातली एक बदली माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, त्या मजल्यावर पहिल्यांदाच आलेली. न्याहारी नऊला. म्हणजे एकीच्या वाट्याला जवळजवळ 11 जण आणि एकेकाला 11 मिनिटं. तेवढ्यात संडास, तोंड धुणं, कपडे, कवळी, खुर्ची. माणूस उचलायच्या यंत्राने उचलायचं असेल तर दोघी लागतात, म्हणजे दुसरीची मिनिटंही गेली. तिने लाल-निळं कधी बघायचं?

अशा होमसाठीच्या प्रांताच्या 2021च्या कायद्यात माणशी रोज 4 तास प्रत्यक्ष सेवेचं लक्ष्य आहे, मुदत मार्च 2025ची होती. पण ती सगळ्या प्रांताची सरासरी, नर्सचे तासही त्यात धरलेले. रविवारी सकाळी आमच्या मजल्यावर किती हात असतील हे त्यातून कळत नाही.

खरी गोम रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात आहे. बऱ्याच जणी अर्धवेळ, दोन-दोन ठिकाणी काम करणाऱ्या. कोणी आजारी पडलं की पहाटे फोनाफोनी, शेवटी एजन्सी. एजन्सीचं माणूस महाग पडतं आणि त्याला खोलीतलं कोणी ओळखीचं नसतं. त्यात 11 महिन्यांत मॅनेजर दोनदा बदलले. दर वेळी मी आईची माहिती पहिल्यापासून सांगितली.

मग आम्ही कुटुंबीयांच्या परिषदेतर्फे (होममध्ये राहणाऱ्यांच्या नातेवाइकांचा गट) एकच मागणी लेखी दिली : त्याच खोल्यांना रोज तेच माणूस. होमला परिषदेला 10 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. नवव्या दिवशी आलं. दोन अर्धवेळ जागा मिळून एक पूर्णवेळ झाली आणि आईला एक मल्याळी बाई मिळाली, आठवड्यातले पाच दिवस. ती आईला अम्मा म्हणते. आधी समोर बसते, मशिनं घालते, मग ‘दुखतंय का?’ विचारते. हे दोन शब्द तिने माझ्याकडून घोकून घेतले. पहिल्याच आठवड्यात दोन्ही अंघोळी झाल्या. वहीतली ती नोंद बघून मी गाडीत बसून रडले. पगार, इमारत, मजल्यावरचा टीव्ही, सगळं एका पारड्यात टाका, मी त्या बाईचे पाच दिवस मागेन.

मंगळवारी ती रजेवर होती. बदलीवर आलेलीला रात्री मशिनं डबीत ठेवायची हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत तिच्या रजेसाठी ठरलेली दोन नावं मागणार आहे, आणि रात्री मशिनं नर्सकडे जमा करून सही घ्यायची पद्धत. मशीनचा अर्धा खर्च होमने द्यावा असंही पत्र दिलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.