बाहुल्या की माणसं? मुलांची भयकादंबरी पडद्यावर आणण्याआधी

मुलांसाठी लिहिलेली एखादी भयकादंबरी चित्रपटासाठी हेरून ठेवली असेल, तर पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: पडद्यावर खरी माणसं आणायची की बाहुल्या? बहुतेक जण हा प्रश्न बजेटचा आकडा कळेपर्यंत लांबणीवर टाकतात. माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कादंबरीतच दडलेलं असतं. तिच्यातली भीती नेमकी कुठून येते, ते नीट शोधलं की निम्मं काम झालं.

मी चित्रपटाची विद्यार्थिनी आहे. रूपांतराच्या प्रकल्पासाठी मी दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली, नील गेमनची ‘कोरलाइन’ (२००२) आणि तिच्यावर हेन्री सेलिकने केलेला स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून दर वेळी फोटो घेत केलेला, चित्रपट (२००९). दुसरी, रोआल्ड डालची ‘द विचेस’ (१९८३) आणि निकोलस रोगने खरे नट घेऊन केलेला चित्रपट (१९९०). दुसऱ्या कादंबरीवर २०२० मध्ये रॉबर्ट झेमेकिसनेही चित्रपट केला. तोही अधूनमधून येईल. पुढे दोन्ही गोष्टींचे शेवट उघड होणार आहेत. वाचायच्या राहिल्या असतील तर आधी वाचून या. दोन्ही पुस्तकं एका बैठकीत संपतात.

भीती कुठून येते?

‘कोरलाइन’मध्ये त्याच नावाच्या मुलीला एका दारापलीकडे अगदी तिच्याच घरासारखं घर सापडतं. तिथे तिच्या आईसारखी दिसणारी एक बाई आहे. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं शिवलेली आहेत. पुस्तकातली ही ‘दुसरी आई’ पहिल्या भेटीतच विचित्र वाटते: जास्त उंच, जास्त बारीक, कागदासारखी पांढरी, सतत हलणारी लांब बोटं. चित्रपटात सेलिकने हे सगळं मागे ढकललं. पहिल्या भेटीत ती हुबेहूब आईच दिसते, उलट खऱ्या आईपेक्षा जास्त हसरी, छान स्वयंपाक करणारी. मग प्रसंगागणिक ती ताणली जाते, गाल बसतात, मान लांबते आणि शेवटी सुयांच्या बोटांची, कोळ्याच्या पायांची एक आकृती उरते.

आता हीच गोष्ट खऱ्या नटीवर करून बघा. खऱ्या चेहऱ्यावर बटणं दिसली की प्रेक्षकाच्या मनात पहिल्याच क्षणी सुई आणि बुबुळ येतं. लहान मूल तिथेच डोळे झाकून घेईल आणि पुढचं घर, जेवण, बाग, सगळं वाया जाईल. बाहुलीला बटणाचे डोळे असण्यात मात्र काही विशेष नाही, ती असतेच तशी. म्हणून मूल ती बटणं चालवून घेतं, रमतं आणि बऱ्याच वेळाने जेव्हा तीच बटणं, सुई आणि दोरा कोरलाइनच्या पुढ्यात येतात, तेव्हा दचकतं. भीतीला असा उशीर लावणं खऱ्या चेहऱ्याला जमलं नसतं.

‘द विचेस’चं सगळं उलटं. मुलांना उंदीर करून टाकणारी इथली चेटकीण चारचौघींसारखी दिसते, हीच तर भीती. हातमोजे घातलेली कुठलीही बाई ती असू शकते. बाहुल्यांच्या जगात हा डाव बसत नाही, कारण तिथे मुळात कुणीच ‘साधं’ नसतं. प्रत्येक चेहरा कुणीतरी घडवलेला असतो. रोगच्या चित्रपटात हॉटेलचं सभागृह आहे, टोप्या घातलेल्या नीटनेटक्या बायकांची सभा आहे, अगदी कंटाळवाणी वाटावी अशी. मग दारं बंद होतात, हातमोजे निघतात, केसांचे टोप निघतात आणि मुख्य चेटकीण झालेली अँजेलिका ह्यूस्टन आपला चेहरा सोलून काढते. त्या मुखवट्याखालचा मेकअप आणि नंतरचे उंदीर बाहुल्या घडवणाऱ्या जिम हेन्सनच्या कारखान्यातले. म्हणजे बाहुल्या इथेही आहेत, पण माणसांनंतर येतात.

त्याच चित्रपटातला मला सर्वांत भीतिदायक वाटलेला तुकडा मात्र बिनमेकअपचा आहे. आजी नातवाला सांगते, की एक मुलगी नाहीशी झाली आणि घरातल्या जुन्या चित्रात दिसू लागली. ती हलताना कुणालाही दिसली नाही, पण चित्रातली तिची जागा बदलायची. वर्षं गेली तशी ती चित्रातच मोठी झाली, म्हातारी झाली आणि एके दिवशी तिथूनही गेली. खरं घर, खरे आईवडील, भिंतीवर एक चौकट. एवढ्यावर काम होतं.

तेव्हा तुमच्या कादंबरीला एकच प्रश्न विचारा: ओळखीचं माणूस हळूहळू परकं होतं, की साध्या माणसाचा मुखवटा एका झटक्यात निघतो? पहिलं असेल तर बाहुल्या. दुसरं असेल तर माणसं. अपवाद सापडतीलच, पण मी तरी इथूनच सुरुवात करेन.

एक सावधगिरी. खरं शरीर पडद्यावर खरं म्हणूनच वाचलं जातं. डालच्या पुस्तकात चेटकिणींच्या हातमोज्यांखाली नख्या आहेत; २०२० च्या चित्रपटात तिथे बोटं कमी असलेले हात दाखवले. जन्मतः तसे हात असलेल्या लोकांनी आक्षेप घेतला आणि निर्मिती कंपनीला व मुख्य नटी ॲन हॅथवेला माफी मागावी लागली. ‘भयंकर’ दाखवण्यासाठी तुम्ही शरीरात जो बदल करताय, तो घेऊन जगणारं मूल प्रेक्षकांत बसलेलं असू शकतं. बाहुली केली म्हणून ही जबाबदारी सुटत नाही, पण नटावर ती फार पटकन अंगावर येते.

एकटं मूल बोलणार कुणाशी?

मुलांच्या भयकथेत मूल बहुतेकदा एकटं असतं. पुस्तकाला त्याची अडचण नाही. निवेदक आहे, मनातलं सांगता येतं. कॅमेऱ्याला मनातलं दिसत नाही.

सेलिकने यावर उपाय म्हणून एक नवं पात्र घातलं. वायबी नावाचा शेजारचा मुलगा पुस्तकात नाहीच. कोरलाइनने सारखं स्वतःशी बोलू नये, म्हणून तो आला. पहिल्या अर्ध्या तासात तो उपयोगी पडतो: घराचा इतिहास तोच सांगतो, हुबेहूब कोरलाइनसारखी दिसणारी बाहुली तोच आणून देतो. पण त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. पुस्तकात दुसऱ्या आईचा तुटलेला हात त्या दाराच्या किल्लीच्या मागावर या जगात येतो. कोरलाइन जुन्या विहिरीच्या तोंडावर कागदी टेबलक्लॉथ पसरते, तो उडू नये म्हणून खेळण्यातल्या कपांत पाणी भरून कडेने ठेवते, मधोमध किल्ली ठेवते आणि बाहुल्यांची मेजवानी चालल्याचं नाटक करते. हात किल्लीवर झेप घेतो आणि सगळ्यासकट खाली जातो. तो सापळा तिने एकटीने रचलेला असतो, घाबरत घाबरत. चित्रपटात ऐन वेळी वायबी दुचाकीवरून येतो आणि त्या हातावर दगड घालतो. प्रसंग वेगवान आहे, टाळ्या घेणारा आहे, पण मला तो पटलेला नाही. जिची परीक्षा चालली होती, तिच्या उत्तरपत्रिकेत दुसऱ्यानेच शेवटची ओळ लिहिली.

बरं, सोबती देण्याला माझा विरोध नाही. शेवटच्या प्रसंगात त्याला घरी ठेवा, इतकंच.

‘द विचेस’ला ही अडचण आलीच नाही, कारण आजी मुळातच गोष्टीत आहे. ती सिगार ओढते, चेटकिणी ओळखायच्या कशा ते शिकवते आणि मुलगा उंदीर झाल्यावरही त्याच्याशी पहिल्यासारखीच बोलते. रूपांतरासाठी कादंबरी निवडताना असं बोलतं माणूस आधीच आहे का, हे पाहून ठेवा. निम्मे संवाद तिथेच तयार मिळतात.

शेवट बदलायचा का?

डालच्या कादंबरीत मुलगा उंदीरच राहतो. उंदराचं आयुष्य फार नसतं हे त्याला कळतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही, कारण आजीही म्हातारी आहे. दोघं साधारण बरोबरच जातील. रोगच्या चित्रपटात एक भली चेटकीण येऊन त्याला पुन्हा माणूस करते. डालला हा शेवट अजिबात आवडला नव्हता.

मी लेखकाच्या बाजूने आहे, पण दिग्दर्शकाची अडचणही दिसते. खऱ्या मुलाचा चेहरा आपण पाऊण तास पाहिलेला असतो. तो चेहरा परत न देणं म्हणजे प्रेक्षकाचं देणं बुडवल्यासारखं वाटतं. पुस्तकात चेहरा नसतो, आवाज असतो आणि तो आवाज उंदीर झाल्यावरही तोच राहतो. २०२० च्या चित्रपटाने मुलाला उंदीरच ठेवलं, पण उंदीर संगणकावर घडवलेले, सतत गमती करणारे; दुःख व्हायला जागाच राहिली नाही. म्हणजे शेवट तोच ठेवला तरी परिणाम तोच राहील याची खात्री नाही. कादंबरीचा शेवट कडू असेल आणि तो राखायचा असेल, तर बाहुल्या जास्त साथ देतात, असं माझं मत आहे. घडवलेलं पात्र बदलून गेलं तरी ते त्याच जगातलं वाटतं.

वर्गात नेहमी ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘राक्षस दाखवू नका, सावली दाखवा’. मोठ्यांच्या भयपटासाठी ठीक आहे. मुलांच्या गोष्टीत मात्र मूल शेवटी जिंकतं आणि जे कधी दिसलंच नाही त्याच्यावरचा विजयही दिसत नाही. उशिरा दाखवा, पण दाखवा.

प्रत्यक्ष काम

स्टॉप-मोशनचं गणित सरळ आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. एक स्थिती दोन फ्रेम धरली तर सेकंदाला १२ वेळा बाहुली हलवायची. तीन मिनिटांच्या फिल्मला २,१६० स्थिती होतात आणि मध्ये कुणाचा टेबलाला धक्का लागला तर तो शॉट पहिल्यापासून. ‘कोरलाइन’च्या मागे अख्खा स्टुडिओ होता, तरी चित्रीकरणालाच दीड वर्षाच्या आसपास लागलं. तिथे चेहऱ्याचे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापले जात, कपाळ वेगळं आणि तोंड वेगळं, म्हणजे दोन्हींच्या जोड्या लावून हवा तो भाव मिळे. मधली फट नंतर संगणकावर पुसली. कोरलाइनचा स्वेटर बारीक सुयांवर हाताने विणलेला होता.

यातलं विद्यार्थ्याला परवडणारं काय? खोली. सेलिकने खऱ्या घराचे सेट मुद्दाम उथळ, चढत्या जमिनीचे, दाबलेले केले आणि दुसऱ्या घराचे तेच सेट खोल केले. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण पलीकडे गेल्यावर मोकळं वाटतं. हे पुठ्ठ्याच्या खोक्यातही करता येतं: एकाच खोलीची दोन खोकी, एक बसकं, एक लांब.

खऱ्या नटांबरोबर शूटिंग दिवसांत उरकतं, पण सगळं बालकलाकारावर अवलंबून असतं. पुष्कळ देशांत मुलांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित आहेत, रात्रीचं काम तर जवळपास नकोच. म्हणजे भयकथेतली रात्र भर दुपारी, खिडक्यांना काळे पडदे लावून करावी लागते. मुलाला खरोखर घाबरवून शॉट घेण्याच्या भानगडीत पडू नका. ते वाईट तर आहेच, शिवाय दुसऱ्या टेकला उपयोगी पडत नाही. लेन्सच्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवा आणि ‘इथे बघ, श्वास रोखून धर, आता हळूच मागे सरक’ असं सांगा. घाबरलेलं मूल पडद्यावर दिसतं, सेटवर ते हसत असतं.

आवाजाचा खर्च मात्र उलटा लागतो. बाहुलीला पायांचा आवाजसुद्धा नसतो. दाराची करकर, कापडाची सळसळ, सगळं नंतर बनवून घालावं लागतं. त्याचा एक फायदाही आहे: काय ऐकू येऊ द्यायचं नाही, ते पूर्ण तुमच्या हातात राहतं.

दोन्ही नको असतील तर तिसरी वाट आहे. पॅट्रिक नेसच्या ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) या कादंबरीवरून दिग्दर्शक बायोनाने २०१६ मध्ये चित्रपट केला, पटकथा नेसचीच. मुलगा, आजारी आई आणि आजी ही खरी माणसं; रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी येणारा झाडाचा राक्षस ज्या गोष्टी सांगतो, त्यांतल्या पहिल्या दोन जलरंगातल्या ॲनिमेशनमध्ये येतात. कादंबरीत गोष्टीच्या पोटात गोष्ट असेल तरच हा मार्ग धरा. केवळ दोन्हींची हौस भागवायला केलं तर सांधे दिसतात.

माझी निवड झाली आहे. मी ज्या कादंबरीवर काम करते आहे तिच्यात मुलीच्या मोठ्या भावाच्या जागी रोज थोडा थोडा दुसराच कुणी येत जातो, म्हणून बाहुल्या. संपूर्ण गोष्ट घेत नाही. जेवणाच्या टेबलावरचा एकच प्रसंग, तीन मिनिटांच्या आत. पुस्तक अजून लेखकाच्या हक्कात आहे. हे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही बहुतेक देशांत किमान ५० वर्षं, पुष्कळ ठिकाणी ७० वर्षं चालतात. त्यामुळे फिल्म वर्गाबाहेर, महोत्सवात किंवा यूट्यूबवर न्यायची असेल तर प्रकाशकाला पत्र आत्ताच टाकायला हवं. उत्तर यायला वेळ लागतो आणि नकार आलाच, तर तो पुठ्ठा कापण्याआधी आलेला बरा.