आघातानंतरचे समुपदेशन : चौथ्या दिवशीची बैठक की महिन्यानंतरचे उपचार?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा माहीमला मी शेजारच्या डब्यात होतो. अंगाला खरचटलेही नाही; पण पुढच्या वर्षभरात समुपदेशनाचे दोन्ही प्रकार मी अनुभवले, आणि त्यांतून निवड करू पाहणाऱ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला प्रकार म्हणजे लगेच आणि एकदाच होणारी सामूहिक बैठक, अर्थात डीब्रीफिंग. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी होती. आमच्या कार्यालयाने ती चौथ्या दिवशी ठेवली. समुपदेशक बाई मायाळू होत्या, आणि आपण एकटे नाही एवढा दिलासा त्या दोन तासांत मिळाला, हे मी मान्य करतो. मात्र प्रत्येकाने पाहिलेले सगळे क्रमाने सांगायचे होते. शेजारच्या सहकाऱ्याने रुळांवर जे पाहिले ते मी पाहिले नव्हते. त्या रात्रीपासून तेही माझ्या स्वप्नात येऊ लागले. हे सांगायचे तरी कोणाला? बाई पुन्हा आल्याच नाहीत. मला सर्वांत जास्त खुपले ते हेच, आणि माझा कौल तिथेच ठरला.

एकट्याच्या अनुभवावरून नियम बांधू नये, हे खरे. परंतु भाजलेल्या रुग्णांवरील कार्डिफच्या १९९७ च्या अभ्यासात, तेरा महिन्यांनंतर, अशीच, पण सामूहिक नव्हे तर एकेकट्याशी किंवा जोडप्याशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के, तर न झालेल्यांपैकी ९ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, आढळला. बैठक झालेल्यांच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या, तेव्हा या आकड्यांवर फार भार टाकू नये; तरीही उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००५ मध्ये अशी बैठक सरसकट घेऊ नये असेच सुचवले.

दुसरा प्रकार, म्हणजे त्रास महिन्यानंतरही टिकला तर घ्यायचे आठ ते बारा सत्रांचे आघातकेंद्री उपचार (त्या आठवणींना आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे), मी फेब्रुवारीत सुरू केले. तोवर लोकल सोडून बसनेच जात होतो. दर शनिवारी त्याच डॉक्टर, तीच खुर्ची; मागच्या वेळी जिथे थांबलो, तिथून पुढे. फी जड वाटली आणि पहिले तीन आठवडे झोप आणखी बिघडली, हे लपवत नाही. पुढे भर दुपारी पत्नीसोबत माहीमच्या फलाटावर बसून दोन गाड्या नुसत्या जाऊ दिल्या, आणि तिसरीत चढलो.

बहुतेकांचा त्रास पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांच्या आधाराने ओसरतो, म्हणून घाई नसावी असे मला वाटते. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र महिना मोजत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लगेच फिरवावा. कार्यालयाने बैठक ठेवलीच, तर जाण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे : हीच व्यक्ती पुढच्या आठवड्यात मला पुन्हा भेटेल का?